कोनतं पित्त, बाई?

झाडीपट्टीची नाटकं बघायला वडशाला गेले आणि परतताना बॅगेत कडूजार काड्यांची एक जुडी, वहीत चार साधे प्रश्न घेऊन आले. त्या चार प्रश्नांची ही गोष्ट.

खरं सांगू? वडशाला मी औषध शोधायला गेलेच नव्हते. गेले होते नाटक बघायला. दिवाळी उलटली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा सीझन सुरू होतो. गावोगावच्या मंडया, शंकरपट आणि त्यांच्यासोबत नाटक. या नाटकवाल्यांचं मुख्य ठाणं म्हणजे वडसा. स्टोरी मस्त होती, एडिटरने एका मेलमध्ये हो म्हटलं होतं, तिकीट कन्फर्म होतं.

निघायच्या दिवशी आईने डब्याबरोबर एक पाकीट हातात ठेवलं. आत सोनोग्राफीचा रिपोर्ट. पित्ताशयात अनेक खडे, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटर.

"जंगलात चाललीच आहेस, तर तिकडच्या एखाद्या वैदूला दाखव. पित्ताच्या खड्यावर त्यांच्याकडे जडीबुटी असते म्हणे."

चार महिन्यांत आईला तीन अटॅक आले होते. उजव्या बरगडीखाली सुरू होणारी, पाठीत आणि खांद्यात जाणारी कळ. पहिल्या दोन वेळी आम्ही सगळ्यांनीच तिला "पित्त झालंय" म्हणून थंड दूध आणि इनो दिलं. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी झाली. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाका. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या नात्यातल्या कुणाचे तरी खडे एकवीस दिवसांत ज्यूस पिऊन विरघळले. आईने कुणाचं ऐकलं हे सांगायला हवं का?

मी "बघते" म्हटलं. डेडलाइन डोक्यावर असली की मी सगळ्यांनाच "बघते" म्हणते.

स्टेशनवर वडसा, कागदावर देसाईगंज

मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची. दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर घ्यायची. इथून पुढे मोबाइल खिशात ठेवून खिडकीत बसा. सौंदड, अर्जुनी अशी स्टेशनं, मध्ये पिवळे पडलेले धानाचे बांध, आणि दर थोड्या वेळाने एक तलाव. हे जुन्या मालगुजारी काळातले तलाव. 'माजी मालगुजारी'चं लघुरूप करून लोक त्यांना प्रेमाने 'मामा तलाव' म्हणतात. नोव्हेंबरात शिंगाड्यांच्या टोपल्या डब्यात चढतात आणि अख्खा डबा सोलत बसतो.

स्टेशनच्या पाटीवर वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज. लोक दोन्ही म्हणतात. बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वेशी नातं म्हणजे हे एवढंच स्टेशन. त्यामुळे धान, बांबू, तेंदूपत्ता आणि माणसं, सगळ्यांचा रस्ता इथूनच गेला. गावाला वैनगंगा आहे, राइस मिल आहेत, हवेत कोंड्याचा बारीक धुरळा आहे. आणि मुख्य रस्त्यावर एकमेकांना खेटून नाट्यमंडळांची ऑफिसं. बाहेर फ्लेक्स, त्यावर मिशीवाला खलनायक आणि रडणारी वहिनी. आत टेबलावर डायरी उघडून बसलेला माणूस, कुठल्या तारखेला कुठल्या गावाला कुठलं नाटक हे ठरवणारा. गंमत वाटेल, पण याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आहे.

पहिली रात्र मी एका खेड्यातल्या मंडपात काढली. दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपलं. मध्ये दोन वेळा भजी, तीन वेळा चहा. सकाळी परत येऊन तर्री पोहे. दुपारी बाराला माझ्या छातीत आग लागली होती.

"पित्त झालंय," मी लॉजवरच्या मावशींना म्हटलं.

"बाजारात बाबा बसते न जी, जडीबुटीवाला. त्यायले विचार," मावशी म्हणाल्या.

शब्द एक, दुखणी चार

आठवडी बाजाराच्या कडेला, सुक्या मिरच्यांच्या ढिगापलीकडे, एक सत्तरीचे बाबा पोत्यावर बसले होते. समोर दहा-बारा जुड्या, काही मुळ्या, काही साली. पाटी नाही, फोटो नाही, "गॅरंटी" नाही. मी उकिडवी बसले आणि म्हटलं, "बाबा, पित्तावर काही आहे का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोनतं पित्त, बाई? उरात जरते ते, का अंगावर फोड उठते ते, का डोरे पिवरे करते ते?"

इकडे 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. त्यामुळे वाक्य कळायला मला दोन सेकंद लागले. आणि कळल्यावर मी गप्पच झाले. तीस वर्षं मराठी बोलतेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

बघा ना. जागरण झालं, आंबट ढेकर आले, की पित्त. ते असतं पोटातलं ॲसिड. अंगावर गांध्या उठल्या, की पित्त. ती असते ॲलर्जी. प्रकृती सांगताना वात, पित्त, कफ, ते आणखी वेगळं. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, तेही पित्तच. हा शेवटचा रस आपलं यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर तयार करतं. यकृताखाली लटकलेली पेरूएवढीही नसलेली पिशवी, म्हणजे पित्ताशय, त्यातला ३० ते ५० मिलिलिटर घट्ट करून साठवते आणि तुपकट जेवण आलं की आकसून आतड्यात सोडते. कोकम सरबत, मोरावळा, आवळा सुपारी हे सगळं पहिल्या पित्ताचं. पण शब्द एकच असल्यामुळे आपण ते चौथ्या पित्तालाही देऊन मोकळे होतो. माझ्या आईला दोन अटॅक थंड दुधावर काढायला लावले ते याच एका शब्दाने.

"उरात जळतंय," मी कबूल केलं.

"मंग औषध कायले पायजे? रात्री भजे नोको खाऊ," बाबा म्हणाले आणि शेजारची म्हातारी खो खो हसली.

जुडीत काय असतं

तरीही मी बसून राहिले, आणि बाबाही बोलायला लागले. त्यांच्या पोत्यावरच्या निम्म्या गोष्टी यकृत आणि पित्तासाठीच होत्या. भुईनिंब, ज्याला पुस्तकात कालमेघ म्हणतात. पावसाळ्यानंतर जंगलाच्या कडेला गुडघाभर वाढतो आणि इतका कडू की काडी जिभेला लावली तर तासभर चहा कळत नाही. भुईआवळा, पानाखाली मोहरीएवढ्या आवळ्यांची रांग असलेलं वीतभर रोप, जे तुमच्या सोसायटीच्या कुंडीतही उगवतं आणि तुम्ही तण म्हणून उपटता. पुनर्नवा. गुळवेल. हिरडा, बेहडा. तापातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला, पावसाळ्यात पोट बिघडलेल्याला हे काढे इथे पिढ्यान्‌पिढ्या दिले जातात.

यात तथ्य किती? अगदीच नाही असं नाही. भुईनिंबातल्या कडू द्रव्याने उंदरांमध्ये पित्ताचा प्रवाह वाढतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. हळदीचंही तसंच. १९९९ साली इंडोनेशियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं आणि सोनोग्राफीत पित्ताशय आकसताना पाहिलं. म्हणजे आपल्या फोडणीतली हळद पित्ताशयाला कामाला लावते. छान. पण हाच मुद्दा उलटा करून बघा. पिशवीत खडे असतील आणि ती जोरात आकसली, तर एखादा खडा नळीच्या तोंडाशी जाऊन अडकू शकतो. म्हणून ज्यांना खडे आहेत त्यांनी हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. भाजीतल्या हळदीला कुणी ना म्हणत नाही.

भुईआवळ्याची तर मोठी गोष्ट आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की तो दिल्यावर हेपॅटायटिस बीचे अर्ध्याहून जास्त वाहक व्हायरसच्या खुणेपासून मुक्त झाले. जगभर खळबळ. पुढे दुसरीकडे केलेल्या चाचण्यांत मात्र तसा रिझल्ट मिळाला नाही. आणि गुळवेल? कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच ती ढोसली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वेलीमुळे असं झालं असेल. वाद बाजूला ठेवू. पण "हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य त्यानंतर मी तरी म्हणत नाही.

बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "वेल ओरखाची नसन तं मी हात नाई लावत." ओळखीची नसेल तर हात लावत नाही. ऑनलाइन पावडर मागवताना हा चॉइस आपल्याकडे नसतो.

चार प्रश्न

मग मी मोबाइल काढला आणि आईच्या रिपोर्टचा फोटो दाखवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. पित्ताशय, खडे, ११ मिलिमीटर.

त्यांनी चार प्रश्न विचारले. डोळे पिवळे झाले का? थंडी वाजून ताप येतो का? लघवी चहासारखी होते का? आणि शौच पांढुरकं, वाटलेल्या तिळासारखं होतं का?

"नाही," मी म्हटलं. "नुसतं दुखतं."

"मंग डाक्टरकडं ने. आनि यातलं एक जरी झालं तं त्याच रात्री ने. हे माह्या कामाचं नाही. पाल्यानं खडा फुटत नाई."

मी थोडी खट्टू झाले. हजारेक किलोमीटर येऊन वैदूकडून हे ऐकायचं?

नंतर मुंबईत एका आयुर्वेदाच्या डॉक्टर मैत्रिणीला हे प्रश्न सांगितले, तर ती उडालीच. चरकसंहितेत कामला, म्हणजे कावीळ, दोन प्रकारची सांगितली आहे. त्यातल्या एकीत पित्ताची वाट अडते आणि मल वाटलेल्या तिळासारखा होतो. मलाला रंग पित्तामुळे येतो. वाट बंद, रंग गायब. आणि आतड्यात न गेलेलं पित्त रक्तात उतरून लघवीला रंग देतं. आजचा सर्जनही हेच विचारतो. म्हणजे अडलेल्या पित्ताची लक्षणं आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक होती. ठाऊक नव्हतं ते अडकलेला खडा काढायचा कसा.

पिवळे डोळे

"आधी मीही द्यायचो," बाबा सांगायला लागले. तंबाखू मळायला घेतली, पण तोंडात टाकली नाही.

त्यांच्या गावात एक पोरगा होता. दर पावसाळ्यात डोळे पिवळे, अंग दुखतंय म्हणून रडायचा. बाबांनी तीन वर्षं त्याची कावीळ उतरवली. भुईनिंब दिला, पथ्य सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत डोळे निवळायचे. बाबांचं नाव व्हायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी शाळेत रक्त तपासणारे आले आणि कळलं, पोराला सिकलसेल. पोटातही खडे निघाले. चौदाव्या वर्षी पित्ताशय काढावं लागलं.

"तीन वर्सं मीच गमावली त्याची," ते म्हणाले.

सिकलसेल हा या जंगलपट्ट्यातला घरोघरी माहीत असलेला शब्द आहे. आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतला पिवळा रंग, बिलिरुबिन, वाढत जातो. म्हणून डोळे पिवळे. आणि तोच रंग पित्ताशयात साचून काळे खडे बनतात, अगदी लहान वयातसुद्धा. यकृताला बिचाऱ्याला काही झालेलंच नसतं. १ जुलै २०२३ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, ते ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट ठेवून. एका थेंबाची तपासणी, पण ती आधी व्हायला हवी.

पित्तासारखीच कावीळ. शब्द एक, आजार अनेक. आणि इथेच कावीळ उतरवणाऱ्यांचं फावतं. दूषित पाण्यातून येणारी, हेपॅटायटिस ए नावाची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात गळ्यात माळ घातली तरी श्रेय माळेला. हातावर चुन्याचं पाणी ओतून "बघा कावीळ उतरली" म्हणणारे तुम्हीही पाहिले असतील. आंब्याच्या सालीचा रस हाताला लागलेला असला की चुन्याचं पाणी पिवळं होतंच, तुम्ही ठणठणीत असलात तरी. देवडांगरीचे थेंब नाकात घातल्यावर पिवळं पाणी वाहतं, तेही नाकाची आतली त्वचा भाजल्यासारखी झाल्यामुळे. त्या पाण्यातून कावीळ जात नाही, नाक मात्र जातं. "नाकात टाकनं मी कवाच बंद केलं," बाबा म्हणाले.

खडा म्हणजे मुतखडा नव्हे

तिसरा घोळ 'खडा' या शब्दाचा. हुलग्याचं कढण, पाषाणभेद, नारळपाणी आणि ऑफिसमधल्या मित्राने सुचवलेली बिअर, हे सगळे सल्ले मुतखड्याचे. मूत्रपिंडातला लहान खडा भरपूर पाण्याने लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयाची वाट लघवीकडे जातच नाही, मग कितीही पाणी प्या. घोळ आजचा नाही. सुश्रुतसंहितेत 'पित्ताश्मरी' हा शब्द आहे आणि तो दाखवून आज पित्ताशयाच्या खड्यांवरची औषधं विकली जातात. पण सुश्रुताने ती बस्तीतल्या, म्हणजे मूत्राशयातल्या खड्याच्या चार प्रकारांत मोजली आहे.

आणि काकूंच्या नातेवाइकाचा ज्यूस? सफरचंदाचा रस, एप्सम सॉल्ट, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू. सकाळी शौचातून हिरवे मऊ गोळे पडतात. फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा गोळ्यांची तपासणी छापून आली. ते खडे नव्हतेच. तेल आणि पोटातले रस मिळून आतड्यात तयार झालेला साबण होता. म्हणजे तुम्ही पोटात साबणाची वडी बनवली आणि खडे जागच्या जागी.

अस्वलाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी बाबा मला जंगलाच्या कडेपर्यंत घेऊन गेले. कडेपर्यंतच. "आत नाई जायचं," ते म्हणाले. २०२२ साली याच वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी भागात सीटी-१ नावाच्या वाघाने तेरा माणसं मारली होती. ऑक्टोबरमध्ये वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडलं. २०२१ पासून छत्तीसगडकडून हत्तींचा कळपही येतो. दहा रुपयांच्या जुडीमागे काय असतं, हे मला पोत्यासमोर उकिडवं बसताना कळलं नव्हतं.

मोहाच्या झाडाखाली त्यांनी खोडावरचे नखांचे ओरखडे दाखवले. अस्वल. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला बाया पहाटे येतात आणि अस्वलंही तेव्हाच येतात.

आणि मला आठवलं. पित्ताच्या खड्यावर जगात एक पारंपरिक औषध खरोखर थोडंफार लागू पडलं, आणि ते झाडपाल्याचं नव्हतं. ते अस्वलाचं पित्त होतं. चीनमध्ये ते शतकानुशतकं वापरलं जायचं. १९२७ साली जपानमध्ये त्यातलं एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. उर्सस म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. पुढे ते कारखान्यात बनायला लागलं आणि आज गोळीच्या रूपात मिळतं. ते कोलेस्टेरॉलचे छोटे खडे सहा महिने ते दोन वर्षांत विरघळवू शकतं. पण पिशवी नीट काम करत असली तरच. काळ्या, सिकलसेलवाल्या खड्यांवर चालत नाही. आणि विरघळलेले खडे अनेकांना काही वर्षांत पुन्हा होतात. अस्वलाला मात्र या कीर्तीची किंमत मोजावी लागली. आपल्याकडेही त्याच्या पित्ताशयासाठी शिकारी झाल्या, कायद्याने ते वाघाइतकंच संरक्षित असूनसुद्धा.

मग या पाल्याचं करायचं काय? फेकून द्यायचं? वडशाहून कुरखेड्याच्या रस्त्याला लागलात, तर 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था भेटते. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ साली सुरू केलेली. वैदूंना हसण्यावारी न नेता त्यांच्यासोबत बसून काम करणाऱ्यांपैकी ही एक. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तक याच जिल्ह्यातल्या बायकांच्या झाडांविषयीच्या ज्ञानाचं. गोईण म्हणजे मैत्रीण. मैत्रिणीकडून काय मागायचं आणि काय नाही, हे मात्र आपल्याला कळायला हवं.

इंटरव्हलमध्ये फोन

त्या रात्री मी दुसऱ्या नाटकाला गेले. पहिल्या अंकानंतर लावणी सुरू झाली तेव्हा फोन वाजला. बाबा, म्हणजे माझे वडील. रात्रीचे पावणेबारा.

"अगं, आईला थंडी वाजून ताप आलाय. दुखतंय पण थोडंच, म्हणते. उद्या-परवा तू औषध घेऊन येतेयस ना, तोवर थांबू म्हणतेय."

मागे ढोलकी चालू होती. मी मंडपाबाहेर पळाले. पोत्यावरचे चार प्रश्न मी एकामागून एक विचारले. लघवीचा रंग? वडिलांनी आईला विचारलं. दोन दिवसांपासून चहासारखा. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. डोळे? ट्यूबलाइटखाली नीट दिसेना. मग मोबाइलचा टॉर्च. मोठा पॉज.

"पिवळट आहेत गं."

"रिक्षा बोलवा. आत्ता. मी औषध आणत नाहीये."

खडा पित्ताशयातून घसरून मुख्य नळीत अडकला होता आणि अडलेल्या पित्तात इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आणखी एक-दोन दिवस काढले असते तर गोष्ट आयसीयूपर्यंत गेली असती. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीतला खडा काढला. काही दिवसांनी चार छोट्या छिद्रांतून पित्ताशय. भारतातलं या पद्धतीचं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं होतं. आज ते इतकं रोजचं झालंय की आई तिसऱ्या दिवशी घरी वरणभात खात होती.

पुन्हा वडशाला जाऊन बाबांना हे सांगायचं राहिलंय. पत्ता नाही, फोन नंबर नाही. पुढच्या सीझनला जाईन तेव्हा सुक्या मिरच्यांच्या ढिगापलीकडे शोधेन. त्यांनी निघताना दिलेली भुईनिंबाची जुडी आमच्या किचनमध्ये टांगलेली आहे. डॉक्टरांनी सध्या काही घेऊ नका म्हटल्यामुळे ती नुसतीच टांगलेली आहे.

परवा काकू वर आल्या. म्हणाल्या, "दोन दिवस झाले, पित्त झालंय हो."

आई सोफ्यावरून उठून बसली. "कुठलं पित्त?"

जायचं असेल तर

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत कधीही जा, नाटकांचा सीझन तेव्हाच असतो. रेल्वेने गोंदियामार्गे, किंवा नागपूरहून रस्त्याने उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडायची. वाटेत भिवापूरची मिरची घ्या. नाटकाला शाल न्या, पहाटे थंडी असते. जंगलात एकट्याने शिरू नका आणि न ओळखता काही उपटू नका.

पित्ताशयासाठी, जडीबुटीशिवाय

क्रॅश डाएट टाळा. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवलं की खडे होण्याची शक्यता वाढते. रोज नाश्ता आणि दुपारचं जेवण बुडवून पिशवीला तासन्‌तास भरलेली ठेवू नका. खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. एकदा दुखायला लागलं की मात्र डॉक्टरांशी बोलणं टाळू नका. आणि पिवळे डोळे, थंडीताप, चहासारखी लघवी, पांढुरकं शौच, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.